सॅकमधले नारळ

परवा माळ्यावरून जुनी कॅनव्हासची सॅक काढली आणि तिच्या कुबट वासासरशी मी मुलुंडच्या आमच्या शाळेच्या जिन्यात जाऊन पोचले.

तेव्हा मी सातवीत होते. आमच्या शाळेच्या गाईड पथकातल्या मुलींचा तीन दिवसांचा ट्रेक ठरला होता आणि सगळं सामान पाठीवरून न्यायचं होतं. आदल्या शनिवारी पथकाच्या सावंतबाईंनी फर्मान काढलं, "भरलेली सॅक घेऊन तळमजल्यापासून गच्चीपर्यंत तीनदा चढायचं. जिला जमणार नाही, ती घरी राहील."

दोनदा कशीबशी चढले. तिसऱ्यांदा दुसऱ्याच मजल्यावर मटकन बसले आणि रडायला लागले. बाईंनी माझी सॅक उघडली. कपड्यांच्या तळाशी दोन चांगले टपोरे नारळ निघाले!

"हे काय गं?"

"आईने गुपचूप ठेवले असतील," मी हुंदके देत म्हणाले. "डोंगराच्या राखणदारासाठी, तिथल्या देवाला वाहायला. आम्ही मालवणचे ना."

बाईंनी नारळ गच्चीवर नेले आणि समोरच्या येऊरच्या डोंगराकडे तोंड करून फोडले. "राखणदारा, इथूनच गोड मानून घे रे बाबा, पोरीची पाठ मोडतेय!"

खोबरं मुलींनी तिथल्या तिथे फस्त केलं. मग मी तळमजल्यावरून पुन्हा निघाले, तेव्हा अख्खी तुकडी मागून पायऱ्या मोजत, ओरडत चढत होती.

तेव्हा वाटलं, थोडक्यात वाचले. आता वाटतं, बाई मला घरी ठेवणारच नव्हत्या. नाहीतर रडणाऱ्या मुलीची सॅक उघडून कोण बघतं?