नातीकडून घोटून घेतलेले जुने इंग्रजी शब्द

मी चौथीपर्यंत शिकले. मराठी वाचता येतं, इंग्रजी येत नाही. तरी नातीचं इंग्रजी मी घोटून घेतलं, आणि बिघडवलं.

नात मराठी शाळेत शिकलेली. डी.एड. झाली, पण नोकरी मिळेना. शेवटी एका इंग्रजी शाळेने मुलाखतीला बोलावलं. माझ्या मुलाने तिला आधीच सांगितलं होतं, "ही शेवटची. न्हाय झालं तर आज्जीसंगं विड्या वळायला बस." पोरीला तंबाखूच्या वासानेच मळमळायचं.

मी नवी पेठेतल्या रद्दीवाल्याकडून एक शब्दकोश आणला. पहिली पानं फाटलेली, पण जाडजूड. इंग्रजी शब्दाचा उच्चार आणि अर्थ, दोन्ही मराठीत छापलेले. दुपारी मी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि अर्थ वाचायची. शब्द तिने सांगायचा.

"औषधं विकणारा."

"अपॉथेकरी."

"तिकडं, पलीकडं."

"यॉन्डर."

कारखान्यात तपासणारा खराब विड्या बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. छाट निघाली की दुसऱ्या दिवशी त्याच चुकीवर हात बसवायचा, ही माझी जन्माची सवय. शब्दांचंही तसंच केलं. येत होते ते सोडले. ज्यांवर ती अडखळली, त्यांच्यावर खूण करून तेच रोज घोटून घेतले.

मुलाखतीहून ती चपला न काढताच आत आली.

"काय इचारलं?"

"शाळेत पोरगं आजारी पडलं तर काय करशील. मी म्हटलं, यॉन्डर अपॉथेकरी आहे, तिथं नेईन."

"मग बरोबर हाय की."

"मुलाखत घेणाऱ्या बाई हसल्या, आज्जी. म्हणाल्या, असं इंग्रजी आता कोण बोलतं? लई जुने शब्द आहेत ते. तू आणलेलं पुस्तक कधीचं होतं, बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. साल छापलेलं पानच नव्हतं. तिला जे शब्द येत नव्हते, ते कुणी बोलत नव्हतं म्हणूनच येत नव्हते. हे मला तेव्हा कळलं.

ती रडली. मी रडू दिलं. रात्री जेवताना मुलाने विषय काढला, "उद्यापास्नं बसव तिला."

मी म्हटलं, "चूक माझी हाय. तिला अजून एकदा जाऊ दे. तवर कुणी काय बोलायचं न्हाय."

त्याने दुसरी भाकरी वाढून घेतली.

मग रोज ती फोनवर बघायची, शब्द अजून चालतो का. चालत नसेल तर मी पेन्सिलने काट मारायची. खूण केलेले जवळजवळ सगळे गेले. महिन्याभराने दुसऱ्या, लहान शाळेत तिने साधं इंग्रजी बोलून दाखवलं. तिला पहिलीच्या वर्गावर घेतलं.

आता ती सकाळी जाते ती संध्याकाळी येते. दुपारी घरात बोलायला कुणी नसतं. विड्या मात्र जास्त वळून होतात.