विमलअक्कांची कडक भाकरी

विमलअक्का भाकरी कानाजवळ धरून, डोळे मिटून मोडायच्या. ‘कट’ असा आवाज आला तर भाकरी कडक झाली. आवाज दबका आला तर ती परत तव्यावर. मी पहिल्या दिवशी कामाला गेले तेव्हा मला वाटले, बाईंना कमी ऐकू येत असावे, म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी मोठ्याने बोलत होते. तसे मी कोणाशीच मोठ्याने बोलत नाही. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, “कमल, मला ऐकाय येतंय गं. भाकरीला तोंड न्हाई, म्हणून कान लावतीया.”

विट्यात एका जुन्या गोदामात त्यांचे भाकरी केंद्र होते. आम्ही नऊ बायका. अक्कांचे माहेर आटपाडीकडचे, मेंढरांमागे फिरणारे. फिरत्या माणसाची भाकरी आठ दिवस टिकली पाहिजे, हे त्या लहानपणीच शिकलेल्या. आमच्या भागातली माणसे सोने गाळायच्या धंद्यासाठी लांबच्या शहरांत राहतात. यात्रेला येतात आणि जाताना आईच्या हातच्या भाकऱ्या बांधून नेतात. ते बघून अक्का एकदा भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन एकट्याच हैदराबादला भाच्याच्या दुकानात गेल्या. दुपारपर्यंत गाठोडे रिकामे. परत आल्यावर म्हणाल्या, “तिथं समदं मिळतंय, फकस्त आय मिळत न्हाई. आपुन भाकरी तरी देऊ.”

त्यांचे बोलणे तिखट. एखादी म्हणाली, “आवं अक्का, ही जरा जाड झालीया, चालंल का?” तर त्या म्हणायच्या, “मला काय इचारतीस? गिऱ्हाइकाला दात हायत.” मात्र जेवायला बसलो की चुकलेल्या, मोडलेल्या भाकऱ्या त्या स्वतःच्या ताटात घ्यायच्या.

मग हैदराबादच्या आमच्याकडच्या माणसांच्या मंडळाने पाचशे भाकऱ्या मागवल्या. आवडल्या तर दर पंधरवड्याला मागवणार होते. एवढे काम मिळाले तर आम्हा नऊजणींच्या हाताला वर्षभर काम राहणार होते. श्रावणातल्या पावसाची झड लागली होती. दमट हवेत भाकरी लवकर कडक होत नाही, आणि निवायलाही वेळ घेते. चारला हैदराबादची गाडी दारात यायची होती, म्हणून अक्का सारख्या “आवरा गं, आवरा” म्हणत होत्या. पिशव्या भरताना खालच्या चळतीला माझा हात लागला. भाकऱ्या अजून कोमट होत्या. मला ते कळले, पण चारचौघींत बोलायचे मला जमत नाही. मी पिशवीचे तोंड बांधले.

तिसऱ्या दिवशी मंडळाचे काम बघणाऱ्या अण्णांचा फोनवर त्यांच्याच आवाजातला निरोप आला. कौतुक असेल असे समजून अक्कांनी तो आम्हा सगळ्यांना मोठ्या आवाजात ऐकवला. “अक्का, भाकरीला बुरशी आलीया. आमी खायची का पुजायची?”

कोणीतरी फिस्सकन हसले. अक्काही हसल्या आणि मग खाली बसल्या. “गरम बांधल्या आसणार,” त्या म्हणाल्या. “कुणाला ठावं हुतं?”

मी हात वर केला.

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी घाईत हुता.”

अक्का उठून माझ्याजवळ आल्या. “म्हंजी मला भ्यालीस. मग चूक माझीच हाय.” त्यांनी आमच्यासमोरच अण्णांना फोन लावला, चूक कबूल केली आणि आणखी एक संधी मागितली. अण्णा म्हणाले, “पंधरा दिवसांनी आमचा मेळावा हाय. त्याला पाठवा. पर ही शेवटची.”

फोन ठेवून अक्कांनी फर्मान काढले. “आजपासनं कमलनं ‘बांधा’ म्हटल्याबिगर पिशवी बांधायची न्हाई. मी म्हटलं तरी न्हाई.”

“अक्का, कमल बोलंस्तवर दिवाळी उजाडंल,” आमच्यातली शालन म्हणाली.

“उजाडू दे. फराळासंगं भाकरी खाऊ.”

त्याच आठवड्यात सांगलीला बचत गटांच्या कार्यक्रमात त्यांना पुढारीपणावर बोलायला बोलावले होते. पिशव्या धरायला मी बरोबर. आधीच्या साहेबांचे भाषण लांबलेले. अक्का उठल्या आणि म्हणाल्या, “पुढं चालणाऱ्याला मागचं दिसत न्हाई. मागच्यानं वरडाय पायजे, आन पुढच्यानं थांबाय पायजे. माझं झालं.” टाळ्या वाजायच्या आत त्या जागेवर येऊन बसल्याही होत्या.

मेळाव्याच्या भाकऱ्या पाठवायच्या दिवशी पुन्हा झड. चारला गाडी दारात येऊन भोंगा वाजवू लागली. मी चळतीखाली हात घातला. कोमट.

“कमल, म्हण की,” अक्का म्हणाल्या.

“न्हाई.”

“काय न्हाई?”

“निवल्या न्हाईत. बांधू नका.”

ड्रायव्हर ओरडला, “मावशी, निघू का?” अक्कांनी गाडीकडे बघितले, माझ्याकडे बघितले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटले, आता त्या स्वतःच बांधतील.

“जा बाबा,” त्या म्हणाल्या. गाडी गेली.

मग त्यांनी अण्णांना फोन केला. भाकऱ्या उद्याच्या गाडीने परवा सकाळी पोचतील, असे सांगितले.

“अक्का, परवा दुपारी पंगत हाय. आज का न्हाई?”

“आमची कमल न्हाई म्हणाली.”

“कोण कमल?”

“तुमच्या भाकरीची काळजी करणारी.”

अण्णा म्हणाले, “उद्या तरी ती व्हय म्हणंल का बघा.”

दुसऱ्या दिवशी मी ‘बांधा’ म्हणाले. भाकऱ्या पंगतीला वेळेवर पोचल्या, आणि ती मागणी आजही चालू आहे. अक्का आता मिरजेला असतात. तिथे दवाखान्यांत पेशंटजवळ बसणाऱ्या माणसांसाठी त्यांनी दुसरे केंद्र काढले आहे. मला मात्र गाडी गेली त्या संध्याकाळच्या अक्काच आठवतात. काम संपेपर्यंत त्या भांडी आपटत होत्या. निघताना मी भीत भीत विचारले, “अक्का, रागावलाय का?”

“लय,” त्या चपला शोधत म्हणाल्या. “आजून बी हाय राग. आन उद्या चारला मी पुन्ना रागात आसंन. तवा बी खरं तेच सांग.”