ढिला सायलेन्सर

आमचे हे, कमरुद्दीन, बावीस वर्षं शारजाच्या एका शूटिंग रेंजवर पिस्तुलं पुसतात. घरी तोंड उघडत नाहीत, पण पिस्तुलाचा विषय निघाला की थांबत नाहीत.

गेल्या महिन्यात नवीन मॅनेजर आले, मधू साहेब, एमबीए. त्यांनी पिस्तुलाचा सायलेन्सर ओढला, तर तो जरा पुढे सरकला. "लूज आहे, टाइट करा!"

हे म्हणाले, "साहेब, आत स्प्रिंगचा बूस्टर आहे, तो सरकायलाच हवा. गोळी सुटली की नळी मागे येते. सायलेन्सरचं एवढं वजन तिला घट्ट बांधलं तर ती येणार कशी? स्प्रिंग ते वजन क्षणभर सुटं ठेवते, म्हणून पुढची गोळी भरते."

"हबीबी, तुम्ही पुसा," म्हणत साहेबांनी स्प्रिंग काढून तिथे लोखंडी कडं घातलं आणि सायलेन्सर आवळला.

दुसऱ्या दिवशी बडे पाहुणे आले. पिस्तूल दर गोळीला अडकलं. साहेबांची अब्रू खलास!

स्प्रिंग परत आत गेली. आता तेच साहेब पाहुण्यांना ती काढून दाखवत ह्यांच्याच शब्दांत बूस्टर समजावतात आणि हे शेजारी ट्रे धरून उभे.

काल घरी येऊन म्हणाले, "मैमुना, साहेब आज स्प्रिंग परत घालायला विसरले."

"मग सांगितलंत का?"

"छे! मी पुसतो."