तोताराम आबांचा टॅब

सोनगीरच्या तोताराम तांबटांनी उभा जन्म तांब्याच्या हंड्यांवर ठोके घातले. साठीच्या आतच दोन्ही कान गेले. श्रवणयंत्रात नुसती खरखर यायची. हळूहळू घरात आबांशी कुणी बोलेना. जेवायची वेळ झाली की सून हाताने खूण करायची. बायको बेबाबाई तेवढी कानाशी येऊन ओरडायची, आणि तिलाच दम लागायचा.

मुलगी भाविका जळगावला दिलेली. तिने आईबापाला आणि भाऊ नवलला तिथल्या एका दुकानात नेलं. दुकानदाराने टॅब समोर उभा केला. कुणी बोललं की त्यावर मोठ्या अक्षरांत उमटायचं. टॅबला घरची अहिराणी कळेना, म्हणून बेबाबाई जपून जपून पुस्तकी मराठीत म्हणाली, "अहो, चहा घेता का?"

आबांनी वाचलं आणि ते भर दुकानात रडू लागले.

"हाच घे, दादा," भाविका म्हणाली.

"ही पाटी घेऊन गावात फिरतील का? फोन खिशात मावतो. त्यातही हेच दिसतं," नवल म्हणाला. आबांना कुणी विचारलं नाही. फोन घेतला.

दिसत होतं, पण आबांना वाचता येत नव्हतं. अक्षरं मोठी केली की दोनच शब्द मावत, ते वाचेपर्यंत सरकून जात. हातोडीने जाड झालेलं बोट लागलं की सगळंच पुसलं जाई. महिन्याभरात फोन सुनेकडे गेला.

श्रावणात बेबाबाईने अंथरूण धरलं. एका दुपारी तिने आबांचा हात धरला आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. आबा धावत जाऊन फोन घेऊन आले. "परत बोल." दुकानातल्यासारखे जपून जपून तिचे ओठ हलले. शब्द सरकत गेले, बोट लागलं, पडदा कोरा झाला. पुन्हा सांगायची ताकद तिच्यात उरली नव्हती. संध्याकाळी ती गेली.

दुपारी ती पहिल्यांदा बोलली तेव्हा नवल तिच्या उशाशीच होता. आबा त्याला विचारत राहिले. तो नुसता हात हलवून 'काही नाही' म्हणायचा.

तेराव्याला भाविका टॅब घेऊन आली. आबांनी तो नवलसमोर उभा केला.

"आते सांग. तुनी माय काय बोलनी?"

नवल टॅबकडे वाकून बोलला. मग पडद्यावर स्वच्छ, मोठी अक्षरं उमटली: "आता आठवत नाही, आबा."

पुढेही नवलच्या बोलण्याच्या ओळी येत राहिल्या: पाहुण्यांचे फोन येत होते, डॉक्टर सापडत नव्हता, लक्ष नव्हतं.

आबांनी टॅब पालथा घातला.