आईची नवमी

वडील पलटणीत गेले तेव्हा मी पाळण्यात होते आणि भाऊ आईच्या पोटात. ते परत आले नाहीत. दर महिन्याला मनिऑर्डर मात्र यायची. "तुमचा बाप पाठवतो," आई सांगायची. गाव म्हणायचं, तिकडं दुसरं घर केलं असंल. आई कपाळभर कुंकू लावून हिंडायची. पितृपक्षात वडिलांचं पान वाढायचं का, असं भावानं विचारलं की म्हणायची, "जित्या माणसाचं पान वाढत्यात व्हय?" गेलीही हिरव्या लुगड्यात, सवाष्ण म्हणून. तेव्हापासून भाऊ तिचं श्राद्ध अविधवा नवमीला घालतो.

आता भाऊ थकलाय. वडिलांचं काय झालं, हे त्याला मरायच्या आधी कळायला हवं होतं. त्याच्या नातीनं अर्ज केला आणि छावणीतल्या जुन्या फौजी कागदांच्या दफ्तरातून बोलावणं आलं. लासूर स्टेशनहून आम्ही दोघंच गेलो. दाराशी भाऊ बाकावर बसला तो उठेना.

"आक्का, तूच जा. पळून गेले असं निघालं तर मला ऐकवणार नाय."

"अन् मला ऐकवंल?" म्हणत मी आत गेले.

कागद इंग्रजीत, माझी शाळा चौथीपर्यंत. बाबू पानं उलटत होता. आता हा दुसऱ्या बाईचं नाव वाचणार, असंच मला वाटत होतं.

"आजी, ते लढाईत गेले. तुम्ही तान्ह्याच असाल तेव्हा. घरी कळवलंय. पेन्शन मनिऑर्डरनं तुमच्या आईला जायची. कळवल्याच्या पोचेवर हा तिचा अंगठा."

अंगठा नीट दाबून उठवलेला होता. म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं, आणि ती सवाष्ण गेलीच नव्हती. वडील पळाले नव्हते, तरी माझी धास्ती गेली नाही. बाहेर भाऊ होता, आणि तो तिथी-वाराचा कडक.

"पळाले का?"

"नाय. लढाईत गेले."

तो रडला. मी रडू दिलं. मग डोळे पुसून म्हणाला, "आईला कुणी कळवलंच नाय?"

खोटं सांगायचं मनात आलं होतं. जमलं नाही. "कळवलं होतं. तिचा अंगठा बघून आले."

तो बोटांवर वर्षं मोजू लागला. "मग नवमी चुकलीच की गं इतकी वरसं. भटजीला काय सांगू?"

"काय बी सांगू नको. वडलांचं पान सर्वपित्रीला वाढ. आईचं नवमीलाच राहू दे."

"अन् चुकत असंल तर?"

"तर वर गेल्यावर तीच तुला झापंल. ऊठ, गाडी चुकंल."