देवीदासकाकांचं नाक

विमा एजंट दारात दिसला की लोक आपण घरात नसल्याचा निरोप स्वतःच देतात. पंधरा वर्षं मी या धंद्यात आहे, त्यामुळे आता मला त्याचा राग येत नाही. देवीदासकाकांकडे मात्र मी जरा ताठ मानेनं गेलो, कारण तिथं मला चक्क बोलावणं होतं. काकांचा मुलगा योगेश अमरावतीला नोकरी करतो. त्यानं फोनवर बजावलं होतं की बाबांचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठावर आहे, मागं एकदा पाणी उंबऱ्याला लागून गेलंय, तेव्हा आग, पूर, चोरी सगळं धरणारा पूर्ण विमा करून टाक.

काका म्हणजे अकोल्याच्या जिनिंगमधलं, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातलं, एके काळचं गाजलेलं नाक. माझे वडील त्यांच्यासोबत कामाला होते, म्हणून मला हे सगळं तोंडपाठ आहे. कापसात खडा किंवा खिळा आला की यंत्रात ठिणगी उडते, रुईबरोबर पुढं जाते आणि तिच्या ढिगाच्या, गंजीच्या पोटात बसून राहते. वरून काही दिसत नाही. आतल्या आत दोन-दोन दिवस धुमसते आणि मग एकदम भडकते. ती ठिणगी हुंगून काढायची, हे काकांचं अडतीस वर्षांचं काम. एकदा चालता चालता थांबून त्यांनी तिसऱ्या गंजीकडे बोट दाखवलं. मॅनेजर हसला. गंजी फोडली तर मधोमध ताटाएवढा काळा गोळा निघाला. वासाची खात्री करायची म्हणून काका गंजीत कोपरापर्यंत हात घालून ऊब बघत. त्यांच्या उजव्या हातावर कधी केस टिकले नाहीत.

दुपारचे तीन वाजले होते. मी दोन फॉर्म समोर ठेवले, एक नुसत्या आगीच्या विम्याचा आणि दुसरा पूर्ण विम्याचा. काकांनी आगीचा उचलला आणि दुसरा माझ्याकडे सरकवला. मी समजावलं की पूर्ण विम्यात आग आहेच, वर पूर आहे, चोरी आहे, हप्ता थोडाच जास्त आहे. काका ऐकेनात. त्यांच्या जिनिंगला एकदा मोठी आग लागली होती, बंबानं पाणी मारलं आणि नंतर मालकाला भरपाई देताना कंपनीनं वाद काढला की हा माल जळाला नाही, भिजला. ते भांडण वर्षानुवर्षं चाललं. तेव्हापासून काकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की कागदावर एकच गोष्ट लिहिलेली बरी. दहा गोष्टी लिहिल्या की कंपनीला आगीवरून दुसरीकडे बोट दाखवायला जागा मिळते. दुधानं पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. इथं तर ताकाचा पेलाच परत चालला होता.

लीलाकाकू चहाचं आधण ठेवून वाळलेले कपडे आणायला गच्चीवर निघाल्या होत्या. जाता जाता त्या जिन्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आगीचा वास तुमाले येते. पान्याचा वास कोनाले येते? मंग पान्याचा विमा पाह्यजे का आगीचा?"

मला वाटलं, आता काका पूर्ण विम्याला राजी होणार. काका उठले, भिंतीवरच्या बटनांच्या बोर्डावर हाताची मागची बाजू टेकवली, मग फ्रिजच्या मागं हात घातला, मग दिवाणावरच्या गादीवर तळवा ठेवला आणि परत येऊन बसले. काकू हसल्या. हा यांचा दिवसातून चार वेळचा नेम आहे, रिटायर झाल्यापासून घरालाच जिनिंग समजतात, असं म्हणून त्या वर गेल्या. मीही हसलो.

काका पुन्हा आगीबद्दल बोलू लागले. पाणी येताना दिसतं, माणूस पळू शकतो, चोर निदान माणूस तरी असतो, पण आग सांगून येत नाही. मी फॉर्मवर त्यांचं नाव लिहीत होतो आणि मला वास आला. कापड जळाल्याचा, सुती कापड जळाल्याचा. मी मान वर केली आणि काकांच्या तोंडाकडे बघितलं. हा तर त्यांचा हुकमी वास, आता ते उठतील म्हणून मी थांबलो. काका बोलतच होते. मला वाटलं, म्हातारा आपली परीक्षा बघतोय की काय. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागं, स्वयंपाकघराच्या दारातून, धुराची रेघ बाहेर आली.

मी धावलो. भांडी उतरवायचं फडकं शेगडीच्या कडेवरून बर्नरवर घसरलं होतं. त्याचं जळतं टोक गॅसच्या नळीवर लोंबत होतं. कसं कोण जाणे, मी चिमट्यानं ते मोरीत फेकलं, त्यावर बादली ओतली आणि सिलिंडर बंद केला. नळी एका जागी काळी पडली होती. मागं वळलो तर काका दाराची चौकट धरून उभे होते. इतका भ्यालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"मले वास येत नाही, ललित," ते म्हणाले. "त्या कोरोनापासून. काहीच येत नाही."

काका खाली बसले आणि एकेक सांगू लागले. दवाखान्यातून घरी आल्यावर पंधरा दिवसांत कळलं की नाक गेलं. येईल परत, म्हणून वाट पाहिली, मग सोडून दिली. कोणाला सांगायचं? सगळं गाव ज्याला नाक म्हणून ओळखतं, त्यानं? मग हातावर काम सुरू केलं. भिंती, बोर्ड, गाद्या, सिलिंडर. दुपारी काकू आतल्या खोलीत झोपतात, त्या वेळी ते डोळा मिटत नाहीत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. मी रोज लोकांना आगीचं भय घालून विमे विकतो आणि ते भय काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कपड्यांचा ढीग घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कपडे दिवाणावर टाकून त्या नवऱ्यासमोर येऊन बसल्या.

"एवढे वर्ष एकटेच भिऊन राह्यले? मले सांगतलं असतं तं वास मी घेतला असता."

काकूंनीच मला पूर्ण विम्याचा फॉर्म पुढं करायला सांगितला. बंबाच्या पाण्यानं भिजलेलंही यात धरतात ना, एवढं काकांनी विचारून घेतलं आणि सही केली. मग घरातल्या सामानाची यादी आली. कपाट, फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीन असं मी लिहीत गेलो. काकांनी यादीवरून खालपर्यंत बोट फिरवलं.

"अन् हिचं नाव कोठी लिहाचं?" त्यांनी विचारलं.

माणसांचा विमा वेगळा असतो, असं मी म्हणालो. ते त्यांना ठाऊक होतंच.

पॉलिसी आली, कपाटात गेली. महिन्याभरानं काकांचा फोन आला. मला वाटलं, कागदात काही चूक निघाली. तसं नव्हतं. काकू आठवडाभरासाठी योगेशकडे अमरावतीला गेल्या होत्या. काकांनी सिलिंडर बंद करून ठेवला होता, खानावळीतून डबा लावला होता आणि दिवसभर ते अंगणात खुर्ची टाकून बसत होते.

"तू एक डाव येऊन वास घेऊन जा," ते म्हणाले.

मी गेलो. स्वयंपाकघर, देवघर, बोर्ड, गाद्या, सगळीकडे हुंगलं. काका पाठोपाठ येत होते. मी वास नाही म्हटलं की ते त्याच जागी हात ठेवून बघत. काकू परत येईपर्यंत मी रोज तीनला जात राहिलो.