फोनवरची पूड

अल्फारेटाच्या आमच्या घराच्या गराजमध्ये गाडी उभी नसते. तिथं वाळूच्या पिशव्या भरून जड केलेलं एक पिंप आहे. पिंपावर काचेची एक तबकडी पक्की बसवली आहे आणि तिच्यावर दुसरी, आठ इंची. दोन्हींच्या मध्ये ओली, करकरणारी पूड घालायची, वरची काच पुढेमागे घासायची आणि पिंपाभोवती एकेक पाऊल सरकत राहायचं. महिनोन् महिने असं केलं की वरची काच हळूहळू खोलगट होते आणि तिचा दुर्बिणीचा आरसा बनतो. तयार दुर्बीण तीन दिवसांत घरपोच येते, हे मला ठाऊक आहे. हे सांगायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी पिंपाभोवती दहा फेऱ्या मारायला लावतो.

हे खूळ शाळेत असताना लागलं. पुण्यात आकाशदर्शनाच्या एका मंडळात आम्हा मुलांना आरसा घासायला शिकवत. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. पूड बदलली की सगळं धुवायचं, हा तिथला पहिला नियम. जाड पुडीचा एक कण जरी बादलीत किंवा नखात राहिला, तरी काचेवर ओरखडा आलाच म्हणून समजा. पुढे नोकरी आणि व्हिसाच्या भानगडीत ते सारं मागे पडलं. चाळिशी उलटल्यावर पुन्हा काच आणली, आणि तुला शनीची कडी दाखवीन, असं मुलीला कबूल करून बसलो.

पण घासताना हात गुंतलेले असतात आणि कान रिकामे. मी फळीवर फोन ठेवून बातम्या लावायला लागलो. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला इथल्या बातम्या म्हणजे करमणूक नव्हे. कुणाच्या तरी एका सहीनं आपलं घर, मुलीची शाळा, सगळं उचलावं लागू शकतं. ही भीती खरी होती आणि अजूनही आहे. त्यात मायदेशातल्या बातम्या वेगळ्याच. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. शिवाय आमचा व्हिसावाल्यांचा ग्रुप होता. तिथं दर दहा मिनिटांनी कुणीतरी 'हे पाहिलं का?' म्हणून लिंक टाकायचं आणि मी ती उघडायचो. बोटं पुडीनं माखलेली, म्हणून करंगळीनं.

गेल्या वर्षी बायको आठवडाभरासाठी नागपूरला गेली होती. तिच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा रविवारी होता. आमच्या इथं शुक्रवार संध्याकाळ, तिच्याकडे शनिवार उजाडत होता. मी नुकतीच बारीक पूड सुरू केली होती. बादली, स्पंज, पिंप, सगळं नियमाप्रमाणे तीनदा धुतलं होतं. तेवढ्यात ग्रुप पेटला. व्हिसावाल्यांनी ताबडतोब परत यावं, नाहीतर दार बंद. मी ओल्या हातानं फोन उचलला.

"निघ. आत्ताच निघ," मी म्हणालो.

"अरे, उद्या साखरपुडा आहे. तू नीट वाचलंस का?"

"सगळे निघालेत यार. लोक विमानातून उतरून परत येतायत."

"सगळे काय करतायत ते नको सांगू. तू वाचलंस का?"

मी वाचलं नव्हतं. वाचलं, असं मी सांगितलं.

ती निघाली. मी तासाभरात तिचं तिकीट बदललं आणि जीव थाऱ्यावर राहावा म्हणून पुन्हा काच घासत राहिलो, मधूनमधून तिचं विमान कुठं पोचलं ते फोनवर बघत. ती वाटेत असतानाच खुलासा आला. नियम नव्या अर्जांना होता, आमच्यासारख्यांना नव्हता. विमानतळावर अधिकाऱ्यानं तिचा पासपोर्ट पाहिला, शिक्का मारला आणि एक शब्दही विचारला नाही.

गाडीत घराजवळच्या सिग्नलला ती म्हणाली, "अंगठी घातली तेव्हा मी मधल्या एअरपोर्टवर, चार्जरसाठी खाली फरशीवर बसले होते. ताईला दाखवा, ताईला दाखवा, असं धाकटी व्हिडिओ कॉलवर सारखं म्हणत होती. तू मला खोटं सांगितलंस."

मला लाज वाटली. तेवढंच खरं आहे, बाकी सारवासारव करण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलगी गराजमध्ये आली. काच उचलून दिव्याखाली धरली. "बाबा, देअर्स अ लाइन," ती म्हणाली. बोटभर लांब ओरखडा होता. मी बादली तपासली, स्पंज तपासला. मग फोन हातात घेतला. कव्हरच्या कडेला, बटणांच्या फटीत, जाड पूड अडकून बसली होती, कित्येक आठवड्यांची. सगळं धुतलं होतं, फोन धुतला नव्हता. मंडळात शिकलो तेव्हा कुणाच्या खिशात फोनच नव्हते, त्यामुळे नियमात तो नव्हता.

बायको दारात येऊन उभी राहिली. "आता?"

"परत जाड पूड. दोन महिने मागे."

"मग जा मागे," ती म्हणाली. "पण लग्नाच्या वेळी मला असं पळवून आणायचं नाही."

त्या दिवसापासून फोन गराजमध्ये येत नाही. तो स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांशेजारी असतो. बातम्या मी सोडल्या नाहीत; डोळे मिटून बसणं मला परवडणारं नाही. पण रोज सकाळी चहासोबत अर्धा तास, आणि ग्रुपवरचं नव्हे, मूळ आदेश. ते रटाळ असतात. वाचून झाल्यावर मी ग्रुपवर तीन ओळी लिहितो: हे कुणाला लागू आहे, कुणाला नाही आणि मला काय कळलेलं नाही. सुरुवातीला लोकांनी टिंगल केली. आता लिंक आली की कुणीतरी विचारतंच, काकांनी वाचलं का. त्रेचाळिसाव्या वर्षी काका झालो.

लग्न हिवाळ्यात होतं. बायको गेली. ओरखडा निघून मी पुन्हा बारीक पुडीपर्यंत आलो होतो. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी पिंपाभोवती फिरत होतो आणि स्वयंपाकघरात फोन थरथरायला लागला. थांबला, पुन्हा थरथरला. मुलगी आत डोकावून म्हणाली, "बाबा, इट्स द ग्रुप." मी हातातली फेरी पुरी केली, काच उचलली, हात कोपरापर्यंत धुतले. मग टेबलाशी बसून तो सगळा आदेश वाचला. पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. बायकोच्या पासपोर्टावरच्या व्हिसाची मुदत अजून दीड वर्ष होती. मग फोन लावला.

"ग्रुपवर पुन्हा पेटलंय," मी म्हणालो. "ज्यांना व्हिसा नव्यानं घ्यायचाय त्यांची पंचाईत आहे. तुला लागू नाही. चौथ्या कलमात एक वाक्य आहे, ते मला नीट कळलेलं नाही, तेवढं सांगून ठेवतो. तिकीट आहे त्याच तारखेचं राहू दे, असं माझं मत."

पलीकडे सनईची रेकॉर्ड वाजत होती.

"वाचलंस?"

"दोनदा."

"मग तारीख दोन दिवस पुढे ढकल," ती म्हणाली. "मांडवपरतणी करूनच येते."